टॅगवर नाव लिहायचं नाही

जया मढवी हे नाव काढलं की मला आजही एका जागी बसवत नाही. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात एकोणतीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला असलेली ही बाई पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या हातात स्टीलचा डबा होता. माझ्या मामाच्या पॅकिंगच्या गाळ्यावर जो माळा आहे, तिथे मी बसतो. मला वाटलं, मामीने जेवण पाठवलं. डबा उघडला तर भाकरी नाही, भाजी नाही; मऊ फडक्यात गुंडाळलेल्या चौदा पोलादी पिना!

"हर्षित तावडे तूच ना?"

"हो. आपण?"

"मायक्रोमीटर धरायला येतो का, असं तू मना विचारलेलंस. म्हटलं, दाखवून येऊ."

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. कारण हे मी विचारलं होतं. चांगलं लेखी, जगासमोर, आदल्याच दिवशी.

आता आधी माझे प्रताप सांगतो. 'मापटं' नावाचं एक सॉफ्टवेअर मी बनवलं आहे. लहान कारखान्यात तयार झालेला प्रत्येक तुकडा, तिथल्या भाषेत 'जॉब', मोजून बघतात. ते माप मोबाइलमध्ये टाकलं की मापटं सांगतं, तुकडा मापात बसला की बाद झाला, आणि नोंदही ठेवतं. फुकट आहे. शिवाय ओपन सोर्स, म्हणजे त्याचा सगळा कोड उघडा. कुणीही वाचावा, चूक दिसली तर कळवावी, स्वतः दुरुस्त करून पाठवावी. पाठवलेलं घ्यायचं की नाही हे ठरवायचो मी एकटा. आणि हे सगळं बोलणं उघड्यावर चालतं, कुणालाही वाचता येतं. भल्या माणसाला याची भीती वाटावी. मला मात्र स्टेज मिळाल्यासारखं वाटायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला हा माझा जन्मजात गुण, आणि डोंबिवलीच्या आमच्या चाळीत त्यालाच हुशारी म्हणायचे.

सुरुवातीला आम्ही नऊ जण होतो. कोणी नाशिकचा, कोणी कोल्हापूरचा, आणि सगळ्यांत कामाची, कल्याणची ऐश्वर्या केणे. दिवसा क्लासमध्ये गणित शिकवायची, उरल्या वेळात मापट्याचा हिशोबाचा सगळा भाग लिहायची. समोरासमोर कधी भेटलो नव्हतो. गेल्या वर्षभरात नवाचे दोन झाले. दुसरा साईनाथ, आणि तो फक्त सणासुदीला उगवायचा. मी समजायचो, लोकांना फुकटचं काम नको असतं. दुसरं काही कारण असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तर त्या सोमवारी कोणा 'जेएम फायनल' नावाच्या माणसाची तक्रार आली. एकच ओळ होती: "चौदा पिना चुकीच्या पास होतात, तपासा." मला वाटलं कॉलेजचा पोरगा असणार. मी लिहिलं, "आधी सूचना वाचायला शिका. मायक्रोमीटर धरायला येतो का? आमचा वेळ खाऊ नका." आणि तक्रार बंद करून टाकली. मग मजेत चहा प्यायलो.

तो कॉलेजचा पोरगा आता माझ्यासमोर चष्म्याची दोरी सावरत उभा होता. वय पंचावन्न, अंगात साडीवरून निळा कोट, मंगळसूत्र कोटाच्या आत खोचलेलं. माझा पत्ता मापट्याच्या पानावरच होता. त्यांचा कारखाना आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. जेवणाच्या सुट्टीत चालत आल्या होत्या.

"मॅडम, तुम्ही कशाला आलात? लिहायचं ना परत."

"लिवलेलं तू वाचतोस कुठं? आणि आमच्यात असाच नियम हाय. जॉब रिजेक्ट केला की इन्स्पेक्टर तो घेऊन मशीनवर जातो. ऑपरेटरच्या हातात देतो. तो स्वतः मोजतो. ही घे."

त्यांनी माझ्या हातात पिन ठेवली. मी ती मुठीत घट्ट धरली, तशी त्यांनी लगेच काढून घेतली. "मुठीत नको. गरम होते, माप फुगतं. टेबलावर राहू दे जरा." मग स्वतःच्या पर्समधून मायक्रोमीटर काढला, पुसला, शून्य बरोबर आहे का ते बघितलं, सोबत आणलेल्या प्रमाण तुकड्यावर लावून बघितला. परत बघितला. "आधी आपलं हत्यार तपासायचं. चूक आपल्यातच असली तर?"

पाच मिनिटं आम्ही दोघं त्या पिनेकडे बघत बसलो. मग मी मोजलं. ११.९८६.

"ड्रॉइंगमधे काय हाय? अकरा पॉइंट नऊशे नव्वदच्या खाली चालत नाय. म्हंजे ही बाद. आता तुज्या मोबाइलला सांग."

मी टाकलं. मापट्याने तो आकडा गोल केला, ११.९९ दाखवला आणि हिरव्या रंगात जाहीर केलं: पास. दुसरी पिन, पास. तिसरी, पास. चौदाच्या चौदा बाद पिना माझ्या सॉफ्टवेअरने हसत हसत पास केल्या. या पिना पाण्याच्या व्हॉल्व्हमध्ये बसणार होत्या आणि खाली सही जया मढवींची असणार होती. हातच्या काकणाला आरसा कशाला! मला घाम फुटला.

आणि घाम फुटल्यावर हुशार माणूस जे करतो तेच मी केलं. "हिशोबाचा भाग माझा नाही," मी म्हणालो, "तो ऐश्वर्या केणे म्हणून एक होती, तिने लिहिलाय."

"मी विचारला का, कोनी केलं?"

आवाज चढला नाही. पण माझी मान खाली गेली. त्यांनी कोटाच्या खिशातून एक लाल टॅग काढला, भोकातून दोरा ओवलेला. असा टॅग बाद तुकड्याला बांधतात. त्यावर ओळी छापलेल्या होत्या: जॉब नंबर, कुठे मोजलं, किती पाहिजे, किती भरलं, कशाने मोजलं, तपासणाऱ्याची सही.

"हितं बनवनाऱ्याचं नाव लिवायला जागा दिसते का तुला?"

नव्हती.

"पयली होती. मीच काढून घेतली." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मी टेबलावरचा लॅपटॉप बंद केला, हे मी सहसा कोणासाठी करत नाही. इन्स्पेक्शनला आल्याच्या दुसऱ्या वर्षी, तरुण रक्त, नवीन अधिकार. धोंडिबा नावाचा एक टर्नर, म्हणजे लेथवर तुकडे कातणारा, होता. त्याचा जॉब बाद झाला तेव्हा जयाताईंनी टॅगवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'धोंडिबाचं काम', आणि ट्रे दाराजवळ ठेवला. दिवसभर येणारा-जाणारा वाचून हसला. "दुसऱ्या दिवसापासून धोंडिबाचा एकबी जॉब रिजेक्ट होईना. मना वाटलं, बघा कसा सरळ केला! दोन महिन्यांनी कळलं. बिघडलेला जॉब तो माझ्यापर्यंत आणतच नव्हता. चांगल्यामधे मिसळून पुढं ढकलत होता. गिऱ्हाइकाकडून अख्खा लॉट परत आला. बाला, नाव लिवलं की मानूस सुधरत नाय, लपवतो."

सुट्टी संपत आली म्हणून त्या निघाल्या. जिन्यावरून वळून म्हणाल्या, "शेठला सांगते, हे दुरुस्त होईपर्यंत आपली वहीच बरी. मी खोट्यावर सही करनार नाय." मापटं रोज वापरणारे कारखाने तेव्हा सहा होते. त्यातला सगळ्यांत मोठा हा. तो गेला असता तर बाकीचे पाचही गेले असते, आणि माझी तीन वर्षं त्यांच्यासोबत. मी मापटं वाचवायला निघालो होतो, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

दोन दिवस मी स्वतःच दुरुस्ती करत बसलो. एका जागी नीट केलं की दुसरीकडे बिघडायचं. बाद पिना बाद व्हायला लागल्या, तर चांगल्याही बाद व्हायला लागल्या. शेवटी जुनं काय काय होतं ते उकरायला गेलो आणि जे सापडलं त्याने माझे कान गरम झाले. हीच चूक ऐश्वर्याने तीन महिन्यांपूर्वी पकडली होती! नुसती पकडली नव्हती, सगळीकडे दुरुस्त करून पाठवली होती. आकडे दोन घरांत गोल करायचा हुकूम माझा होता, मोबाइलचा पडदा नीटनेटका दिसावा म्हणून. तिने नम्रपणे लिहिलं होतं की याने मापं खोटी ठरतील. आणि खाली माझं उत्तर: "गणिताच्या बाईंनी गणित क्लासमध्ये शिकवावं. इथे खरं काम चालतं." तिघांनी त्यावर हसऱ्या चेहऱ्याचं चित्र लावलं होतं. त्याखाली तिचे दोन शब्द, "ठीक आहे." त्यानंतर ती परत आली नाही.

मी ते वाचलं आणि स्वतःची इतकी लाज वाटली की उठून माळ्यावर येरझाऱ्या घालायला लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच जयाताईंच्या कारखान्याच्या दारात हजर. त्या मागच्या बाकावर जेवत होत्या, तांदळाची भाकरी आणि सुकट. सोबतच्या बायका त्यांना चिडवत होत्या, आणि तेव्हा मला कळलं की डोंबिवलीजवळच्या गावात मढव्यांची जमीन होती, तिच्यावर आता दोन टॉवर उभे आहेत, घरात तीन गाड्या आहेत, आणि दीर रोज म्हणतो, वहिनी, कशाला जाता त्या कारखान्यात? "जमीन सासऱ्याची," जयाताई भाकरी मोडत म्हणाल्या, "नोकरी माजी." बाविसाव्या वर्षी पॅकिंगला लागलेली दहावी पास मुलगी. डब्यात तुकडे भरताना तिचं बोट नुसतं फिरलं तरी ती म्हणायची, हा वेगळा हाय. आणि मोजला की तो बाद निघायचा. ड्रॉइंग वाचायला ती सुट्टीत शिकली, कोणी शिकवायला बसलं नव्हतं.

मी त्यांना मोबाइलवर माझं ते उत्तर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"हे तू लिवलंस?"

"हो."

"चांगलाच आहेस की रे!" त्यांनी मोबाइल परत दिला. "मंग माफी माग."

"फोन नंबर मिळवतो तिचा. एकट्यात सांगतो."

"का? फेकलंस ते चारचौघात. उचलायला एकट्यात जानार?"

मी तिथेच मोबाइलवर टाइप करायला लागलो. अंगात नुसती वीज खेळत होती, आत्ताच्या आत्ता लिहून टाकू! जयाताईंनी माझ्या हाताखाली एक भाकरी सरकवली. "गरम जॉब मोजत नाय. आधी जेव."

जेवलो. संध्याकाळी लिहिलं. तीन वेळा खोडलं, कारण तिन्ही वेळा त्यात 'पण' आला होता. शेवटी तिच्या दुरुस्तीखाली, त्याच जागी, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: तुझी दुरुस्ती बरोबर होती. मी न तपासता बंद केली. जे शब्द वापरले ते कामाबद्दल नव्हते, तुझ्याबद्दल होते. चूक माझी आहे. जयाताईंच्या तक्रारीखालीही माफी लिहिली, आणि ती तक्रार पुन्हा उघडली.

एक दिवस गेला. दोन गेले. मी दर दहा मिनिटांनी पान उघडून बघायचो. मामा म्हणाला, "लग्न जमतंय का कुठे?" पाचव्या दिवशी मी आशा सोडली आणि सहाव्या दिवशी उत्तर आलं! मी ओरडलो तसा खालचा टेम्पोवाला वर धावत आला. उत्तर एवढंच होतं: "वाचलं. माफी पोचली. एक विचारते. सगळ्यांचं काम तू तपासतोस. तुझं कोण तपासतं?"

उत्तर सोपं होतं. कोणीच नाही. माझं काम मीच लिहायचो आणि मीच आत घ्यायचो. ते उत्तर तिला पाठवायला मात्र हात धजेना, म्हणून परत जयाताईंकडे. त्यांनी प्रश्न वाचला आणि त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "तूच टर्नर आणि तूच इन्स्पेक्टर? अगो बाय! आमचा शेठसुद्धा स्वतःचा जॉब स्वतः पास करत नाय!"

त्या संध्याकाळी मी दोन गोष्टी केल्या. एक, मापट्याचा नियम बदलला: कोणाचंही काम, माझंसुद्धा, दुसऱ्या कोणी पास केल्याशिवाय आत येणार नाही. दोन, पास करायचा अधिकार ऐश्वर्याला दिला, न विचारता, उघड्यावर. हे लिहायला सोपं आहे. बटण दाबताना मला माझं घर दुसऱ्याच्या नावावर करतोय असं वाटलं होतं, आणि दाबल्यावर इतकं हलकं वाटलं की मी मामाच्या गाळ्यातली दोन खोकी उगाचच उचलून इकडची तिकडे ठेवली.

ऐश्वर्याने "बरं" लिहिलं आणि तिची जुनी दुरुस्ती आताच्या कोडमध्ये बसवायला लागली.

मग जे सुरू झालं ते काय सांगू! जयाताईंचा टॅग आम्ही जसाच्या तसा मापट्याच्या पानावर चढवला. कोणालाही चूक कळवायची असेल तर तेवढ्याच ओळी भरायच्या: कुठे बघितलं, काय पाहिजे होतं, काय मिळालं, कशावर तपासलं, आणि खाली आपली सही. ज्याने लिहिलं त्याच्याबद्दल बोलायला जागाच नाही. लोक लिहायला लागले. अंबरनाथचा एक फाउंड्रीवाला, बेळगावची एक इंजिनीअर, कुठल्या तरी गावातला आयटीआयचा शिक्षक! जुन्यांपैकी तिघं परतले. साईनाथ सण नसताना उगवला. कोणाचं पहिलंच काम बाद झालं तर जयाताई ते आपल्या तुकड्यांवर चालवून बघून त्याखाली स्वतः लिहायच्या, "माप कमी भरलं. परत करा. मी थांबते." तीन छोटी वाक्यं. आणि तो माणूस खरंच परत करून पाठवायचा. माझ्या जुन्या लांबलचक उत्तरांनी हे तीन वर्षांत एकदाही घडलं नव्हतं.

ऐश्वर्या परतल्यापासून अकराव्या दिवशी दुरुस्ती पूर्ण झाली. जयाताईंनी फर्मावलं की परीक्षा कारखान्यातच होईल, दुपारी, सगळ्यांसमोर. ऐश्वर्या कल्याणहून आली. तिला मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. उंच, खांद्याला क्लासची पिशवी, हाताला खडू लागलेला. मी बोलायला तोंड उघडलं तशी ती म्हणाली, "आधी पिना."

मशिनी थांबल्या. टर्नर, पॅकिंगच्या बायका, शेठ, सगळे टेबलाभोवती. जयाताई मोजत होत्या, ऐश्वर्या मोबाइलमध्ये टाकत होती. पहिली पिन: लाल. बाद. कोणीतरी शिट्टी मारली. दुसरी लाल. सातवीपर्यंत लोक मोठ्याने मोजायला लागले. चौदावी लाल झाली तेव्हा शेठने टाळी वाजवली, मग बहुतेक स्वतःचाच माल बाद झालाय हे लक्षात येऊन थांबवली. मग जयाताईंनी दहा चांगल्या पिना लावल्या. दहाच्या दहा हिरव्या! पॅकिंगच्या बायका एकमेकींना टाळ्या देत होत्या. मी नाचलो. खोटं कशाला बोलू, अक्षरशः नाचलो.

जयाताईंनी वही मिटली आणि मोबाइलवर सही केली. शेठने चहा सांगितला.

चहा पिताना ऐश्वर्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी 'ठीक आहे' लिहिलं ना मी. त्यानंतर तीन महिने एक ओळ लिहिली नाही कोडची. कुठेच नाही. क्लासमध्ये फळ्यावर गणित सोडवतानासुद्धा दोनदा तपासायचे. मला वाटायला लागलं, आपल्याला येतच नाही."

माझा कप हातातच राहिला. मी सहा कारखान्यांची काळजी करत होतो, माझ्या तीन वर्षांची करत होतो. कल्याणमध्ये कोणीतरी फळ्यासमोर उभं राहून स्वतःचंच गणित दोनदा तपासतंय, हे माझ्या गावीही नव्हतं.

"आता?" जयाताईंनी विचारलं. "आता येतं का?"

ऐश्वर्या हसली. "आज सकाळीच ह्याचं काम परत पाठवलं मी. तीन चुका होत्या."

सगळे माझ्याकडे बघून हसले. पॅकिंगच्या बायका तर जास्तच.

"तीनच?" जयाताई म्हणाल्या.

खरं तर चार होत्या. चौथी ऐश्वर्याच्याही नजरेतून सुटली होती आणि फक्त मला माहीत होती. मी कप खाली ठेवला आणि ती तिथेच, सगळ्यांसमोर सांगून टाकली.